पेडल परत आलं नव्हतं

शुक्रवारी कारखाना बंद असतो, म्हणून सफियानं शुक्रवार निवडला.

एरवी बारा माग चालू असताना शेडमध्ये कानाला तोंड लावून ओरडलं तरी पुरतं ऐकू येत नाही. शुक्रवारी पत्र्यावरून कबुतर चाललं तरी कळतं. घर आणि शेड यांच्यामध्ये एक अंगण आणि एक लोखंडी दार होतं. त्या दारातून जायला सफियाला कुणाला विचारावं लागत नव्हतं. घराचं गल्लीकडचं दार मात्र वैशाली सांभाळायची. वैशाली घरकामाला यायची, पण गेल्या दोन महिन्यांपासून तिच्याकडे हे आणखी एक काम आलं होतं.

"चाची, दूध मी आणते. मुआजभाईंनी सांगितलंय, तुम्ही बसा." बिचारी हे सांगताना सफियाच्या तोंडाकडे बघायची नाही.

शेडच्या मागच्या भागात, जिथले बारा जुने माग दोन वर्षांपूर्वी भंगारात गेले होते, तिथं ताडपत्रीखाली गाडी उभी होती. सफियानं ताडपत्री ओढली तशी वर साचलेली रुई उडाली आणि उन्हाच्या पट्ट्यात तरंगत राहिली.

"बापरे," धम्मदिना म्हणाली. "ही चालते अजून?"

"चालवायची मी," सफिया म्हणाली.

गाडी हिरवी होती, दोन सीटची, छप्पर घडी करून मागं टाकता येणारी, साठ वर्षांपूर्वीच्या विलायती बनावटीची. सफियाचा नवरा फखरुद्दीन यानं लग्नानंतर तिसऱ्या वर्षी ती नाशिकच्या एका डॉक्टरांकडून घेतली होती. सफिया तिच्यावरच गाडी चालवायला शिकली, दिघाशीच्या रस्त्यावर, सासूला न सांगता. सहा वर्षांपूर्वी काचबिंदूनं फखरुद्दीनची नजर जवळजवळ गेली. तेव्हापासून दर रविवारी सकाळी सफिया गाडी चालवायची आणि फखरुद्दीन शेजारी बसून इंजिन ऐकायचा. आधी गाडी घराच्या पडवीत असायची. माग भंगारात गेल्यावर इथं जागा झाली, तशी ती शेडमध्ये आणली.

धम्मदिना शेलार गावची. काही वर्षं आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिक शिकवून आता ती स्वतःचं काम करायची. कारखान्याचा जनरेटर बघायला तीन महिन्यांतून एकदा यायची. आज ती जनरेटरचं तेल बदलून हात पुसत असताना सफियानं तिला मागं बोलावलं होतं.

"मला एकच गोष्ट सांग," सफिया म्हणाली. "ह्या गाडीत खोट हाय का माझ्या डोक्यात?"

धम्मदिनानं तिच्याकडे नीट पाहिलं. मग जवळची एक रिकामी पेटी ओढून तिला बसायला दिली आणि स्वतः उकिडवी बसली.

"काय झालं ते सांगा. पहिल्यापासून. चपला घातल्या तिथपासून."

"चपलांपासून कशाला?"

"माझी पोरं म्हणायची, मॅडम, गाडी बंद पडली. मी म्हणायची, सकाळी गाडी कुणी पुसली तिथपासून सांग. माणूस सांगताना मधलं काहीतरी गाळतो. बहुतेक वेळा खोट तिथंच असते."

सफियानं सांगायला सुरुवात केली. दोन महिन्यांपूर्वीचा रविवार. त्याच आठवड्यात बाहेरची गल्ली सिमेंटची झाली होती. रस्ता हातभर उंच झाला आणि शेड खाली गेली. म्हणून दारापुढं घाईघाईनं चढ बांधून घेतला होता, उभाच्या उभा. ती पहिल्यांदाच त्या चढावरून गाडी काढत होती. मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली. शेजारी बसलेला फखरुद्दीन म्हणाला, दाब, दाब जरा. तिनं दाबलं. गाडी उसळून वर आली. तिनं पाय काढला.

"मी पाय काढला," सफिया पुन्हा म्हणाली. "पण पेडल परत आलं नाय. इंजिन ओरडतच राहिलं. ब्रेक दाबला तरी गाडी ढकलत होती. समोर भाजीची गाडी, तिच्यापाशी दोन बायका. मी डावीकडं वळवली आणि फाटकाच्या खांबावर घातली. ह्यांचा हात मोडला."

"मग?"

"मग मुआजनं गॅरेजवाला आणला. त्यानं बॉनेट उघडलं, आत दोन बोटं घातली, टक टक केलं. म्हणाला, गाडी एकदम ओके है. चाचीने ब्रेक की जगह रेस दबाया होगा."

मुआज त्यांचा एकुलता मुलगा. मुंब्र्याला अकराव्या मजल्यावर राहायचा आणि दर शुक्रवारी नमाजनंतर आईवडिलांकडे जेवायला यायचा. तो वाईट मुलगा नव्हता. घाबरलेला मुलगा होता. त्या रविवारपासून त्यानं मोबाइलमध्ये एक यादी करायला घेतली. सात तारीख, दूध उतू गेलं. नऊ तारीख, शेजारच्या रुचिकाला हेमाली म्हणून हाक मारली. चौदा तारीख, गॅस चालू राहिला. यादी डॉक्टरांना दाखवायची होती. आणि परवा रविवारी टेम्पो येणार होता. सफिया आणि फखरुद्दीन दोघांना मुंब्र्याला न्यायचं, घराला कुलूप लावायचं, हे ठरलं होतं. त्या फ्लॅटच्या खिडक्यांना जाळी होती. लिफ्टचं बटण दाबून खाली जायचं तरी सुनेला सांगून जायचं.

"यादीतलं थोडं खरं हाय," सफिया म्हणाली. "गॅस राहिला होता. आता मी रात्रीची तीन तीनदा उठून गॅस बघते. बंद असतो. तरी परत बघते. मला आता माझ्या पायावरच भरवसा नाय राहिला. कदाचित दाबलंच असेल चुकीचं पेडल. कदाचित मी भाजीची गाडी पण नंतर मनातून घातली असेल."

धम्मदिना उठली. तिनं बॉनेट उघडलं. मोबाइलचा दिवा लावून आत पाहिलं. इंजिनाच्या बाजूला दोन कार्बोरेटर होते. पेट्रोल आणि हवा ह्या दोन्हींतून आत जातात. त्यांच्यातले पडदे जितके उघडतील तितकं इंजिन जोरात चालतं. तिनं कार्बोरेटरच्या बाजूचा छोटा दट्ट्या बोटानं उचलला आणि सोडला. टक. पुन्हा उचलला, पूर्ण वरपर्यंत. टक.

"परत येतंय," ती हळूच म्हणाली. "व्यवस्थित हाय."

पेटीवर बसल्या बसल्या सफियानं ओढणीचं टोक हातात घेतलं आणि त्याची घडी घालायला लागली. एक घडी, दुसरी घडी. शेडची दारं बंद होती. पत्रा तापायला लागला होता. ज्या एका जागी तिला उत्तर मिळेल असं वाटलं होतं, तिथंही तेच टक टक ऐकू आलं होतं.

"थांबा," धम्मदिना म्हणाली.

ती वाकून आणखी आत बघत होती. दट्ट्या पुन्हा उचलला, पण आता तिची नजर दट्ट्यावर नव्हती. त्याच्या मागं, इंजिन आणि गाडीची पुढची भिंत यांच्यामधल्या अंधारात, एक आडवा दांडा होता.

"चाची, इकडं या. बघा, मी हितं हातानं उचलते. मागचा तो दांडा हलला?"

सफियानं चष्मा सारखा केला. "नाय."

"न्हाय ना? पायाखालचं पेडल त्या दांड्याला फिरवतं, आणि दांडा ह्या दट्ट्याला उचलतो. पण दट्ट्या उचलला म्हणून दांडा फिरत न्हाय. मधल्या जोडात सैल जागा ठेवलेली हाय. दाराची साखळी बाहेरून वाजवली तर वाजते, पण आतला अडसर हलतो का? तुमच्या गॅरेजवाल्यानं साखळी वाजवली. मी पण आत्ता तेच केलं." ती स्वतःवरच चिडल्यासारखी हसली. "शिकवते मोठी दुसऱ्यांना. बसा आत. पेडल दाबा."

"किल्ली मुआजकडं हाय."

"इंजिन कशाला पाहिजे? नुसतं दाबा."

सफिया दार उघडून आत बसली. दोन महिन्यांत पहिल्यांदा. सीटवर रुईचा थर होता. तिनं पाय पेडलवर ठेवला आणि दाबला. सोडला. पेडल वर आलं.

"परत."

दाबला, सोडला. वर आलं.

"पूर्ण दाबा, चाची."

"पूर्णच दाबलाय."

"न्हाय. अजून दोन बोटं जागा हाय खाली."

सफियानं खाली पाहिलं. खरंच जागा होती. तिला वाटत होतं की ती पायात आहे तेवढा जोर लावतेय, पण पाय मधेच थांबत होता. गाडी उभी होती, किल्ली नव्हती, चाकाला विटा लावलेल्या होत्या, तरी पाय पुढं जायला तयार नव्हता. तिच्या पोटरीत गोळा आला.

"होत नाय गो."

"घाई न्हाय," धम्मदिना म्हणाली. "मला अजून एक सांगा. एरवी कधी एवढं दाबायची वेळ येते?"

"भिवंडीत?" सफियाला अशा वेळीही हसू आलं. "इथं दुसऱ्या गिअरच्या वर कोण जातं? सगळा वेळ ब्रेकवर."

"म्हणजे ती शेवटची दोन बोटं तुम्ही त्या चढावरच वापरली. त्याच्या आधी कितीतरी दिवस न्हाय."

सफिया तिच्याकडे बघत राहिली. मग तिनं चप्पल काढली. उघडा पाय पेडलवर ठेवला, डोळे मिटले आणि दाबला. तळापर्यंत गेला. काहीतरी मऊ, घट्ट असं आत रुतल्यासारखं पायाला जाणवलं.

तिनं पाय उचलला.

पेडल तिथंच राहिलं. खाली, गाडीच्या तळाला चिकटून, निवांत.

सफियानं खाली वाकून पेडलला हात लावला. आजारी माणसाच्या कपाळाला लावतात तसा.

"परत आलं नव्हतं," ती म्हणाली. "मी सांगत होते."

धम्मदिनानं हात आत घालून दांडा मागं ढकलला, तसं पेडल सुटलं. "काय अडकलंय ते दिसतंय मला. काढू?"

"नाय. हात लावू नको. मुआज येऊ दे."

"त्याला मी सांगते ना, दाखवते."

"सांगून नाय. दोन महिने सांगितलंच की."

मुआज पावणेतीनला आला. अंगावर इस्त्रीचा पांढरा कुर्ता, हातात मिठाईचा खोका. आई जेवण वाढायचं सोडून शेडमध्ये आहे हे वैशालीकडून कळल्यावर तो खोका हातात घेऊनच तिथं आला. गाडीची ताडपत्री निघालेली बघून त्याचा चेहरा उतरला.

"अम्मी, परत तेच? आपलं बोलणं झालंय ना."

"किल्ली आणलीस?"

"खिशात असते. त्याच जुडग्यात आहे. पण..."

"तू बस. तूच चालू कर. मी बसत नाय."

"अम्मी, छोड ना. भूक लागलीय."

"मुआजभाई, पाच मिनिटं," धम्मदिना म्हणाली. "चाकांना विटा लावल्यात. गिअर न्यूट्रल. गाडी कुठं जाणार न्हाय. फक्त आतून रेस देऊन बघा."

मुआजनं खोका पेटीवर ठेवला. लहान मुलाच्या हट्टापुढं हात टेकावेत तसा तो गाडीत बसला. किल्ली फिरवली. दोन महिने उभी असलेली गाडी तिसऱ्या वेळेला चालू झाली. शेड निळ्या धुरानं भरली आणि धम्मदिनानं पुढचं फाटक थोडं सरकवलं.

मुआजनं रेस दिली. इंजिन चढलं, उतरलं.

"बघ," तो म्हणाला. "येतं परत. काय खराब आहे?"

"पूर्ण दाब," सफिया म्हणाली. ती गाडीच्या दारापाशी उभी होती.

"दाबतोय की."

"अजून दोन बोटं जागा हाय."

मुआजनं चिडून पाय तळापर्यंत दाबला आणि उचलला.

इंजिन उतरलं नाही. चढतच गेलं. शेडमध्ये तो आवाज पत्र्यावर आपटून दुप्पट झाला. गाडी थरथरायला लागली. मुआजनं ब्रेक दाबला. गाडी जागेवरच होती, ब्रेकचा काही उपयोग नव्हता, तरी तो दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून ब्रेक दाबत राहिला. मग त्यानं खाली पाहिलं, वर पाहिलं, पुन्हा ब्रेक दाबला. त्याच्या तोंडातून काहीतरी शब्द येत होते, पण ऐकू येत नव्हते. धम्मदिना बॉनेटकडे धावली. ती पोचायच्या आत सफियानं दारावरून हात आत घातला आणि किल्ली फिरवली.

एकदम शांत झालं. पत्र्यावरची कबुतरं उडून गेली होती.

मुआज तसाच बसून होता. कुर्ता पाठीला चिकटला होता.

"मी पाय काढला होता," तो म्हणाला.

"माहीत हाय."

"खरंच काढला होता, अम्मी."

"मी कुठं नाय म्हणतेय?"

त्यानं आईकडे पाहिलं. मग स्टिअरिंगकडे. "तुला किल्ली कशी सुचली?"

"त्या दिवशी नाय सुचली. नंतर सुचली. दोन महिने रोज फिरवतेय, बिछान्यात पडल्या पडल्या."

लोखंडी दारापाशी कुणीतरी खोकलं. फखरुद्दीन आला होता. एक हात भिंतीवर, दुसऱ्या हातात लांब चोचीची तेलाची कुप्पी. शुक्रवारी माग बंद असतात तेव्हा त्यांना तेल द्यायचं, ही त्याची पन्नास वर्षांची सवय. आता मागांना कामगार तेल देत, पण गाडीला फखरुद्दीन स्वतः द्यायचा. दिसत नसल्यानं हातानं चाचपून, प्रत्येक सांध्यावर मागाचंच तेल, नेहमीपेक्षा दोन थेंब जास्तच.

"कोण एवढी रेस देतंय?" त्यानं विचारलं.

धम्मदिनानं चिमट्यानं दांड्याच्या मागून काहीतरी उपटलं. ते सहज निघेना. शेवटी सुटलं. अंगठ्याएवढी जाड, करडी, तेलकट वळकटी होती. दोन वर्षांची रुई आणि दोन वर्षांचं तेल मिळून तिचा दाबलेल्या लोकरीसारखा पक्का नमदा झाला होता. दांडा थोडा फिरला तर त्याला काही अडचण नव्हती. पूर्ण फिरला की त्याचा पुढं आलेला दात त्या नमद्यात रुतायचा, आणि स्प्रिंगला तो ओढून काढणं जमायचं नाही.

"चाचा, हात करा," ती म्हणाली आणि वळकटी फखरुद्दीनच्या तळहातावर ठेवली.

त्यानं ती दाबली, नाकाशी नेली. "मागाचं तेल," तो म्हणाला. मग त्याचा चेहरा बदलला. "माझं."

"मागाला चालतं हे तेल," धम्मदिना समजावून सांगायला लागली. तिचा आवाज मऊ होता. "माग दिवसभर हलतो. तेल आणि रुई, दोन्ही झटकून टाकतो, शिवाय कामगार रोज पुसतो. हा दांडा कधीतरी थोडासा हलणार. हितं तेल बसून राहतं आणि उडणारी रुई पकडत राहतं. पडवीत होती तोवर हे झालं न्हाय. हितं कारखान्यात..."

मुआज गाडीतून उतरला होता. "अब्बा," तो म्हणाला, "त्या दिवशी तुम्ही शेजारी होता."

फखरुद्दीन कुप्पी एका हातातून दुसऱ्या हातात घेत राहिला.

"मी तेव्हा विचारलं होतं तुम्हाला. तुम्ही म्हणालात, मला काय दिसतंय?"

"दिसत नाय ते खरं हाय."

"आणि ऐकू?"

सफिया नवऱ्याकडे बघत होती. बारा माग एकदम चालू असताना त्यातल्या एकाचा सूत नेणारा धोटा नीट धावत नाही, हे अंगणात बसून सांगणारा माणूस होता तो.

"आवाज उतरला नव्हता," फखरुद्दीन म्हणाला. "हिनं ब्रेक मारलेला पण ऐकला मी. चाकं किंचाळत होती."

"मग बोलला का नाही?"

"गाडीत खोट हाय म्हटलं असतं तर तू दुसऱ्या दिवशी ती काढून टाकली असतीस. तू आधीपासून म्हणत होतास, अब्बा, विका आता. माझ्याकडं दुसरं काय राहिलंय? मला वाटलं, चार दिवस हिला बोलतील, मग विसरतील. तेवढ्यात तुझी ती यादी सुरू झाली. मग डॉक्टर. मग टेम्पो. मग कुठल्या तोंडानं बोलू?"

"यादी जेवताना वाचायचा हा," सफिया म्हणाली. "तुम्ही समोर असायचात."

"होतो."

"मी गॅस बघायला उठायची, तेव्हा जागे असायचात?"

फखरुद्दीननं मान खाली घातली. "असायचो."

सफियाच्या तोंडावर काही बदललं नाही. तिनं हात पुढं करून त्याच्या हातातली तेलाची कुप्पी घेतली आणि मागं, मागांच्या रांगेपलीकडच्या फळीवर नेऊन ठेवली. परत आल्यावर ती धम्मदिनाला म्हणाली, "किती वेळ लागेल?"

"तासभर."

तास सव्वा तासावर गेला. मुआजनं कुर्त्याच्या बाह्या वर करून दिवा धरला. धम्मदिनानं आडवा दांडा सोडवून बाहेर काढला, रॉकेल आणि जुन्या दातांच्या ब्रशनं घासला, ज्या भोकांत तो फिरतो ती भोकं आतून चिंधी ओढून ओढून कोरडी केली. मग पिशवीतून शिसपेन्सिल काढली, तिचं टोक पात्यानं खरवडलं आणि ती काळी भुकटी बोटानं दांड्याला चोळली.

"बस? एवढंच?" फखरुद्दीननं विचारलं. तो पेटीवर बसून कान देऊन होता. "तेल नाय?"

"तेल न्हाय, चाचा. थेंब न्हाय."

"सुकं फिरेल?"

"सुकंच फिरेल. तुम्हाला राहवत नसेल तर मागाला घाला."

मुआजला हसू फुटलं, पण आईकडे बघून त्यानं ते आवरलं. मागाच्या जुन्या सामानातून बेताच्या जोराची एक स्प्रिंग शोधून धम्मदिनानं ती पहिल्या स्प्रिंगच्या जोडीला लावली. एक दमली तर दुसरी ओढेल. मग सफिया आत बसली. पेडल तळापर्यंत दाबलं, सोडलं. पायाच्या मागोमाग वर आलं. तिनं तसं वीस वेळा केलं. कुणी मोजत नव्हतं, तीच मोजत होती. मग इंजिन चालू करून तेच पुन्हा. आवाज चढायचा आणि उतरायचा.

"अम्मी," मुआज दारावर हात ठेवून वाकला. "टेम्पोवाल्याला मी नको म्हणून सांगतो. तुम्ही रविवारी या, पण जेवायला या. राहायला नाही."

"रविवारी तू इकडं ये," सफिया म्हणाली. "ती यादी घेऊन ये. सगळी वाचू. गॅसचं खरं हाय, ते ठेव. डॉक्टरकडं पण जाऊ, मला पण कळू दे. पण वैशालीला आज सांगून जा, दाराशी बसायचं नाय म्हणून."

"सांगतो."

"माझ्यासमोर सांग."

मुआज अंगणाच्या दारापाशी गेला आणि वैशालीला हाक मारून त्यानं सांगितलं. वैशाली "बरं, भाई" म्हणाली आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा सफियाकडे सरळ बघून हसली.

धम्मदिनानं चाकांच्या विटा काढल्या आणि फाटक उघडलं. दुपारचं पिवळं ऊन चढावरून आत आलं. फखरुद्दीन उठला. हातानं गाडीचं अंग चाचपत डाव्या बाजूला आला. खांबावर आपटलेलं मडगार्ड ठोकून सरळ केलं होतं, पण तिथं पत्रा अजून खडबडीत होता. तिथं त्याचा हात थांबला. मग तो पुढं सरकला आणि त्यानं दाराची मूठ शोधली. गेली सहा वर्षं तो असाच बसायला यायचा.

"बसू?" त्यानं विचारलं.

सफियानं त्याच्याकडे पाहिलं. त्याचा मोडलेला हात अजून थोडा वाकडा धरलेला होता. ती कितीतरी बोलू शकली असती.

"आज नाय," ती म्हणाली.

त्यानं मूठ सोडली. मुआजनं येऊन बापाचा दंड धरला आणि त्याला दोन पावलं मागं घेतलं.

सफियानं पहिला गिअर टाकला. चढाच्या तळाशी चाकं पुन्हा जागच्या जागी फिरायला लागली. तिची पोटरी पुन्हा आखडली. तिनं पेडल तळापर्यंत दाबलं. गाडी उसळली, वर आली, तिनं पाय काढला आणि इंजिन लगेच खाली उतरलं. गल्लीच्या कडेला उभी असलेली बाई भाजीची पिशवी छातीशी धरून भिंतीला टेकली. सफियानं तिला हात केला आणि उजवीकडं वळली.

ती कुठं जाणार हे तिनं ठरवलं नव्हतं. शेलारच्या बाजूला मोकळा रस्ता मिळेल असं वाटलं होतं. पण धामणकर नाक्याला सगळं तुंबलं होतं. पुढं सूत गुंडाळलेले मोठे बीम लादलेला टेम्पो, मागं पाण्याचा टँकर, दोन्ही बाजूंना शेअर रिक्षा. पंधरा मिनिटं कुणी हललं नाही. फोन वाजला. मुआज होता.

"कुठं पोचलीस?"

"नाक्यावर. अडकलेय."

"मी येऊ का? बाइक घेऊन येतो पाच मिनिटांत."

"येऊन काय टेम्पो उचलणार? ठेव फोन. बापाला जेवायला घाल, उपाशी हाय तो."

शेजारच्या रिक्षातला ड्रायव्हर मघापासून गाडीकडे बघत होता. आता तो बाहेर डोकावला.

"चाची, दो सीट की गाडी, और अकेली?"

"हां," सफिया म्हणाली. "आज अकेली."

"बेचनी है क्या?"

"तू पहले अपनी रिक्षा हटा, मेरा आरसा घिसेगा."

तो हसत हसत रिक्षा वीतभर सरकवू लागला. पुढचा टेम्पो दोन हात हलला. सफियानंही गाडी दोन हात पुढं घेतली, पाय काढला, आणि थांबली.